मोठ्याने फक्त ‘खो’ म्हणावं लागतं

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करणाऱ्या 31 वर्षांच्या गृहस्थांना नुकतंच 8 जणांच्या टीमचं प्रमुख केलं आहे. ते म्हणतात, मी जात्याच लाजाळू. मीटिंगमध्ये आवाज खाली जातो. टीममधला एक सहकारी माझ्याहून 12 वर्षांनी मोठा आहे, त्याला काम सांगताना घशाला कोरड पडते. खेळातले प्रशिक्षक मुलांना कसे सांभाळतात त्यातून मला काही शिकता येईल का, की नेतृत्व हा माझा पिंडच नाही?

मी 27 वर्षं खो-खो शिकवतो आहे, शाळेतल्या मुलींपासून जिल्हा संघापर्यंत. आणि मी लाजाळू आहे. ‘होतो’ नव्हे, आहे. लग्नाच्या पंगतीत अजूनही ओळखीचं माणूस शोधून त्याच्याच शेजारी पान धरतो. बँकेत टोकनचा नंबर हुकला तर खिडकीवर जाऊन विचारण्यापेक्षा मुकाट्याने नवीन टोकन घेतो. त्यामुळे ‘पिंड’ वगैरे शब्द माझ्यापुढे नका वापरू. माझ्या पिंडाकडे बघून पहिल्या वर्षी शाळेतल्या लोकांनी पैज लावली होती, हा दिवाळीपर्यंत टिकायचा नाही.

तुमच्यासाठी मी क्रिकेट किंवा फुटबॉलपेक्षा खो-खोच उदाहरणाला घेतो. एक तर मला तोच नीट येतो. दुसरं म्हणजे लाजाळू माणसाला लागतं ते बरंचसं या खेळाच्या नियमांतच लिहून ठेवलेलं आहे.

शाळेत खेळला असाल, पण आठवण करून देतो. मैदानावर 9 जण आक्रमणाला. त्यातले 8 जण दोन खांबांच्या मधोमध रांगेत उकिडवे बसलेले, एकाचं तोंड इकडे तर दुसऱ्याचं तिकडे. पळतो एकटाच. ज्याच्या मागे तो लागलाय तो संरक्षक रांगेतून आरपार जाऊ शकतो, याला ती मुभा नाही. एका दिशेने पाऊल पडलं की खांब गाठल्याशिवाय मागे वळता येत नाही. म्हणून त्याने बसलेल्याच्या पाठीमागून हात लावायचा आणि मोठ्याने ‘खो’ म्हणायचं. तो उठतो, हा त्याच्या जागी बसतो. खो ऐकू येईल असा दिला नाही तर पंच फाऊल देतो. खो मिळायच्या आत बसलेला उठला तरी फाऊल. आणि महत्त्वाचं म्हणजे खो मिळालेला गडी डावीकडे जाणार की उजवीकडे, हे खो देणारा ठरवत नाही. ते उठणारा ठरवतो.

आता यात प्रशिक्षक कुठे असतो? रेषेबाहेर, खुर्चीवर. मोठ्या गटात 9 मिनिटांचं आक्रमण असतं. त्या 9 मिनिटांत माझ्या हातात जवळजवळ काहीच नसतं. कोणत्या चौकात कोण बसणार, खांबाशेजारी लांब हाताची आणि सूर मारणारी पोरगी ठेवायची की वळण घेणारी, संरक्षणाला पहिल्या तुकडीत कोणत्या तिघी पाठवायच्या, समोरच्या संघातली कोणती मुलगी दमली की डावीकडेच हुलकावणी देते, हे सगळं आधी झालेलं असतं. कधी आदल्या दिवशी, कधी आदल्या महिन्यात. मॅच म्हणजे माझ्या कामाचा निकाल. काम आधीच होऊन गेलेलं असतं.

तुमची पहिली गफलत इथे होते आहे असं मला वाटतं. तुम्ही मीटिंगला मॅच समजताय आणि स्वतःला त्या मॅचमधला खेळाडू. मीटिंगमधला तुमचा आवाज म्हणजे तुमचं नेतृत्व, असा हिशोब तुम्ही मांडलाय. माझ्या धंद्यात तरी तो हिशोब चुकीचा आहे.

एक प्रशिक्षक मी जवळून पाहिले आहेत. नाव सांगत नाही. आवाज असा की शेजारच्या मैदानावरची मॅच थांबावी. प्रत्येक खो ते बाहेरून सांगायचे: “दे! दे! आता दे! अगं पुढचीला!” त्यांच्या मुलींना इतकी सवय झाली होती की खो देण्याआधी त्या मान वळवून सरांकडे बघायच्या. मान वळायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात चांगला संरक्षक दोन चौक पुढे गेलेला असतो. आम्ही त्या संघाला तीन वर्षं ओळीने हरवलं, आणि त्यात माझी काही फार मोठी अक्कल नव्हती. माझ्या मुली माझ्याकडे बघत नव्हत्या, कारण बघून उपयोग नव्हता. मी गप्पच बसलेलो असायचो.

सगळे मोठ्या आवाजाचे प्रशिक्षक वाईट असतात असं मात्र समजू नका. चंद्रकांत पंडितांची कडक शिस्त सगळ्या क्रिकेटजगताला ठाऊक आहे. त्याच शिस्तीने त्यांनी विदर्भाला 2017-18 आणि 2018-19 असा दोनदा रणजी करंडक मिळवून दिला आणि 2022 मध्ये मध्य प्रदेशाला पहिल्यांदाच. ती त्यांची पद्धत, त्यांना शोभते. मी ती उचलायला गेलो तर पोरी तोंडाला रुमाल लावून हसतील. एकदा गेलोही होतो. हसल्या.

रमाकांत आचरेकर सरांचं उदाहरण तुम्ही ऐकलं असेलच, पण बहुतेक जण ते अर्धवट ऐकतात. 16 नोव्हेंबर 2013 रोजी वानखेडेवरच्या निरोपाच्या भाषणात सचिन तेंडुलकरने सांगितलं की 29 वर्षांत सर मला एकदाही ‘छान खेळलास’ म्हणाले नाहीत. लोकांना त्यातला कडकपणा आवडतो. मला त्यातलं दुसरंच दिसतं. सर बोलत नसत, पण स्कूटरवर बसवून मुलाला एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत, दिवसाला जास्तीत जास्त डाव खेळायला मिळावेत म्हणून. स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवत. जो सचिनला बाद करील त्याचं नाणं, कोणीच बाद केलं नाही तर सचिनचं. अशी 13 नाणी त्याने जपून ठेवली आहेत. आणि सरांनी भेळ किंवा पाणीपुरी खायला नेलं की आज आपलं काहीतरी बरं झालंय हे त्याला कळायचं. म्हणजे शब्द नव्हते, पण निरोप पोहोचत होता. नाण्यामधून, स्कूटरमधून, भेळेतून.

लाजाळू माणसाने इथे जपून राहायला हवं. अबोल असणं आणि निरोप न पोहोचवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी पहिली कित्येक वर्षं दुसरी गोष्ट करत होतो आणि स्वतःला पहिलीचं सर्टिफिकेट देत होतो.

ते कसं ध्यानात आलं ते सांगतो. हे उत्तर मी खरं तर त्यासाठीच लिहायला घेतलं.

शिकवायला लागून सात-आठ वर्षं झाली होती. जिल्हा निवडीसाठी 15 जणींचा संघ काढायचा होता. 16 वी एक मुलगी होती. तीन वर्षं रोज सकाळी माझ्याही आधी मैदानावर यायची, फक्की मारायला, म्हणजे मैदानावर चुन्याच्या पांढऱ्या रेघा आखायला, मदत करायची. त्या वर्षी तिचं संरक्षण घसरलं होतं. तिला घेता येणार नव्हतं, हे मला आठवडाभर आधी ठाऊक होतं. आठवडाभर मी तिला टाळलं. ती फक्कीचा डबा घेऊन उभी असायची आणि मी दुसऱ्या खांबाकडे जायचो. शेवटी शुक्रवारी संध्याकाळी शाळा सुटल्यावर नोटीस बोर्डावर यादी लावली आणि मागच्या फाटकाने घरी गेलो. शनिवारी सकाळी तिने ती यादी बाकी सगळ्या मुलींच्या देखत वाचली. खालपर्यंत वाचली, पुन्हा वरून वाचली. हे मला नंतर एका शिक्षिकेने सांगितलं, कारण त्या वेळी मी स्टाफरूममध्ये हजेरीपुस्तक चाळत बसलो होतो.

ती पुन्हा मैदानावर आली नाही.

माझ्या लाजरेपणाचं बिल त्या पोरीने भरलं. त्या दिवसापर्यंत माझी समजूत होती की माझ्या स्वभावाचा त्रास काय तो मलाच होतो. तुम्ही टीमचे प्रमुख झालात की हे बदलतं. तुम्ही न बोललेल्या वाक्याची किंमत दुसरं कोणीतरी देतं. तुमच्या प्रश्नात ‘मला कसं वाटतं’ हे पाच वेळा आलंय आणि ‘त्यांना काय कळत नाही’ हे एकदाही नाही. हे टोचण्यासाठी नाही लिहीत. मी पंचवीस वर्षांपूर्वी हाच प्रश्न लिहिला असता तर असाच लिहिला असता.

तेव्हापासून नियम केला: यादी लागायच्या आधी, जिचं नाव नाही तिला मी स्वतः सांगणार. पहिल्या वेळी खिशात चिठ्ठी लिहून नेली होती, आणि अजून नेतो. तिच्यावर तीनच वाक्यं असतात. “या वेळी 15 जणींत तुझं नाव नाही. गेल्या 8 सामन्यांत तुझं संरक्षण सव्वा मिनिटाच्या आसपास आलंय, मला पहिल्या तुकडीसाठी पावणेदोन मिनिटं हवी आहेत. सोमवारपासून साडेसहाला ये, आपण फक्त खांबावरच्या वळणावर काम करू.” निर्णय, कारण, पुढे काय. आणि मग गप्प बसायचं. आपल्यासारख्यांना गप्प बसणं सोपं असतं असं वाटतं, पण नेमकं इथे ते जमत नाही. समोरच्याचे डोळे भरले की आपण सारवासारव करायला लागतो: “तसं अजून नक्की नाही बरं का... बघू... वरून काही झालं तर...” पोरगी घरी जाऊन आईला सांगते, सर बघतो म्हणालेत. हे यादी चोरून लावण्यापेक्षा वाईट. चिठ्ठी असते ती एवढ्यासाठीच, तिसऱ्या वाक्यानंतर तोंड बंद ठेवायला.

आता रोजच्या कामाकडे येतो.

त्याच प्रकरणानंतर मी वही ठेवायला लागलो. साधी शंभर पानी. सरावानंतर घरी जाऊन त्या दिवशी कोणाशी मी नेमकं काय बोललो ते लिहायचं, एकेक ओळ. “हिला सांगितलं, खो देताना खांदा वळतोय.” “हिला विचारलं, घोटा कसा आहे.” महिन्याने वही उघडली तर सगळी पानं पाच-सहा नावांनीच भरलेली. बाकीच्या नऊ-दहा जणींशी मी महिनाभर एक शब्द बोललो नव्हतो. आणि त्या पाच-सहा जणी कोण? ज्या स्वतःहून येऊन बोलायच्या त्या. लाजाळू प्रशिक्षकाच्या हाताखाली सगळ्यात जास्त नुकसान कोणाचं होत असेल, तर लाजाळू खेळाडूचं. दोघंही एकमेकांची वाट बघत बसतात. मला तर वाटत होतं की अशा मुली मला आपोआप कळतात, शेवटी एकाच माळेचे मणी. कळत असतीलही, पण त्यांना ते कुठून कळणार?

तुमची टीम 8 जणांची आहे, म्हणजे वही फार भरणार नाही. ठेवा.

बोलायचं कुठे, यालाही महत्त्व आहे. समोरासमोर खुर्ची टाकून, दार लावून, “बस, तुझ्याशी बोलायचंय” हे मला आजही जमत नाही, आणि समोरच्यालाही त्या वाक्यानेच धडकी भरते. माझी सगळी महत्त्वाची बोलणी फक्की मारताना होतात. एकाने दोरी धरायची, एकाने डबा. दोघांचीही नजर रेघेवर. वाक्याच्या मध्ये दोन मिनिटं गेली तरी अवघड वाटत नाही, कारण हाताला काम असतं. घरी वडील पितात, पाळी सुरू झाल्यापासून पळायची भीती वाटते, दहावीनंतर शिकवणार नाहीत, लग्नाचं बघताहेत: ज्या गोष्टी ऑफिसात बोलावून विचारल्या असत्या तर कधीच बाहेर आल्या नसत्या, त्या मला फक्कीच्या रेघेवर कळल्या. तुमच्याकडे मैदान नाही, पण चहाची टपरी आहे, पार्किंगपर्यंतची वाट आहे, एकाच स्क्रीनकडे बघत शेजारी बसून काम करणं आहे. शेजारी बसा. समोर बसू नका.

एक अमेरिकन उदाहरण देतो, पतियाळाला प्रशिक्षकाचा डिप्लोमा करत होतो त्या दिवसांत आम्हाला ते शिकवलं होतं आणि मनात राहिलं. बास्केटबॉलचे जॉन वुडन, कॅलिफोर्नियातल्या यूसीएलए विद्यापीठाचे प्रशिक्षक, 12 वर्षांत 10 राष्ट्रीय विजेतेपदं. 1974-75 च्या त्यांच्या शेवटच्या हंगामात दोन मानसशास्त्रज्ञ सरावाला गॅलरीत बसून ते काय काय बोलतात याची नोंद करत होते. 2326 नोंदी झाल्या. अपेक्षा होती स्फूर्तिदायक भाषणांची. निघालं भलतंच: तीन चतुर्थांश बोलणं नुसती माहिती. काय कर, कसं कर, कधी कर. शाबासकी 7 टक्क्यांच्या आसपास, रागावणंही तेवढंच. कोणी चुकलं की ते बरोबर कसं ते करून दाखवायचे, मग तू कसं केलंस ते, मग पुन्हा बरोबर कसं ते. चार-पाच सेकंदांत खेळ पुढे सुरू.

आम्हा अबोल लोकांना हे वाचून जीव भांड्यात पडतो. भाषण नको. माहिती हवी, आणि ती नेमकी हवी. नेमकी माहिती बघण्यातून येते, आणि बघणं आपल्याला येतं. बाकीचे बोलत असताना आपण आयुष्यभर तेच तर केलंय. “जरा जोर लावा रे” हे वाक्य कोणीही बोलू शकतो. “तू उठताना उजवा हात जमिनीवर टेकतोस, त्यात अर्धं पाऊल जातं” हे ज्याने बघितलंय त्यालाच बोलता येतं. आणि असं वाक्य हळू आवाजात बोललं तरी समोरचा पुढे वाकून ऐकतो. माझ्या मुली माझं ऐकतात त्याचं कारण एवढंच आहे.

लिहिण्याचाही उपयोग करा, त्यात कमीपणा नाही. 2025 च्या महिला क्रिकेट विश्वचषकाचं आठवा. त्या वेळी भारताच्या महिला संघाचे प्रशिक्षक होते अमोल मुझुमदार, आचरेकर सरांच्याच शाळेतले. 1988 मध्ये तेंडुलकर-कांबळींची 664 धावांची भागीदारी चालू असताना पॅड बांधून बसून राहिलेले ते हेच. मुंबईकडून पदार्पणातच 260 काढले, प्रथम श्रेणीत 11,000 हून अधिक धावा केल्या आणि भारताकडून एकही सामना मिळाला नाही. 2025 च्या स्पर्धेत त्यांचा संघ साखळीत ओळीने तीन सामने हरला होता. मग 30 ऑक्टोबरला नवी मुंबईत उपांत्य फेरी, समोर ऑस्ट्रेलिया, त्यांच्या 338 धावा. मध्यंतरात मुझुमदारांनी ड्रेसिंग रूममधल्या फळ्यावर एवढंच लिहिलं की अंतिम फेरीत जायला त्यांच्यापेक्षा एक धाव जास्त हवी, बस. पोरींनी 5 गडी राखून सामना काढला आणि 2 नोव्हेंबरला विश्वचषक. मुझुमदार लाजाळू आहेत की नाहीत मला माहीत नाही. पण 339 चा डोंगर दिसत असताना तो ‘एक’ इतका लहान करून फळ्यावर मांडणं, ही माझ्यासारख्या अबोल माणसाला जमण्यासारखी गोष्ट आहे. तुमच्या डेडलाइनचंही असंच काहीतरी करता येईल का बघा.

माझ्या हातात तसा फळा नसतो. दोन डावांच्या मध्ये काही मिनिटं मिळतात. पहिला अर्धा वेळ मी काही बोलत नाही. त्यांना पाणी पिऊ द्यायचं, श्वास खाली येऊ द्यायचा. मग विचारतो, “आत काय दिसतंय?” आत पळणाऱ्या मुलीला बाहेरच्या माझ्यापेक्षा जास्त दिसत असतं. ती म्हणते, “सर, त्यांची 7 नंबर खांबाला डावीकडूनच वळते.” झालं. मी फक्त म्हणतो, मग खांबाशी तू बस. दोन वाक्यांत बदल झाला आणि तो तिने केला.

ही प्रश्न विचारण्याची सवय तुमच्या त्या 12 वर्षांनी मोठ्या सहकाऱ्यासाठी फार उपयोगाची आहे. माझाही एक तसा अनुभव आहे. मी 26 वर्षांचा असताना शाळेत एक जुने गृहस्थ होते, स्वतः उत्तम खेळलेले, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे. मैदानाच्या कडेला उभे राहून “आमच्या काळी...” अशी सुरुवात करायचे आणि माझ्या मुली गालात हसायच्या. मी त्यांना टाळत होतो (टाळण्याचं माझं कौशल्य तुमच्या लक्षात आलंच असेल). एक दिवस धीर करून त्यांच्याकडे गेलो आणि म्हणालो, “मास्तर, मला खांबावरचा सूर शिकवता येत नाही. मी स्वतःच तो कधी नीट मारला नाही. आठवड्यातले दोन दिवस तुम्ही शिकवाल का?” हे खोटं नव्हतं, मला खरंच येत नव्हतं. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी जुने कॅनव्हासचे बूट घालून आले. पुढची 9 वर्षं मंगळवार-शुक्रवार खांब त्यांचा होता. “आमच्या काळी” शेवटपर्यंत चालूच राहिलं, पण आता पोरी ते वहीत लिहून घ्यायच्या.

नीट लक्ष द्या, मी त्यांना मान द्यायचा म्हणून काम काढलं नव्हतं. तसं काढलेलं काम मोठ्या माणसाला लगेच ओळखू येतं, आणि मग तो जन्मभर क्षमा करत नाही. माझी खरी उणीव होती, ती मी त्यांच्यापुढे ठेवली. तुमच्या सहकाऱ्याला असं काय येतं जे तुम्हाला येत नाही? ते शोधा, ते काम त्यांना पूर्ण द्या, आणि दिल्यावर त्यांच्या जागी जाऊन बसा. खो दिला की दिशा त्यांची. मागून “डावीकडे जा, डावीकडे जा” ओरडायचं नाही. आपण लाजाळू लोक ओरडत नाही, पण दर तासाला मेसेज टाकतो. ते एकच.

मान आणि पैसा यांबद्दल एकच उदाहरण देऊन पुढे जातो. राहुल द्रविड, बंगळुरूत वाढलेला पण घरी मराठी बोलणारा, बोलण्यापेक्षा न बोलण्यासाठी प्रसिद्ध. 2018 मध्ये त्याच्या मार्गदर्शनाखाली 19 वर्षांखालील संघाने विश्वचषक जिंकला. बोर्डाने त्याला 50 लाख जाहीर केले आणि बाकीच्या मार्गदर्शकांना 20-20 लाख. द्रविडने म्हटलं, सगळ्यांना सारखं द्या. शेवटी त्याच्यासकट प्रत्येकाला 25 लाख मिळाले. आपले निम्मे कमी करून घेतले. अशा माणसाला दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये मोठ्याने बोलावं लागत असेल का?

कर्णधार मात्र मी नेहमी बोलकी निवडतो. यात लाज कसली? माझ्याकडे आवाज नाही, तर संघात कोणाकडे तरी हवा. घोषणा देणं, नाणेफेक, पंचांशी बोलणं, हरल्यावर सगळ्यांना गोळा करणं, हे ती करते. तुमच्या 8 जणांत एखादी व्यक्ती असेल जिला सगळ्यांसमोर बोलायला मनापासून आवडतं. क्लायंटसमोरचा डेमो तिला द्या. फक्त एक पथ्य आहे: कडू बातमी तिच्या तोंडून पाठवायची नाही. ती चिठ्ठी तुमच्याच खिशात.

आणि तुमच्या आवाजाचं काय? तो प्रश्न मी टाळला नाही, शेवटी ठेवला.

दरवर्षी माझ्याकडे एखादी तरी मुलगी अशी येते जिचा खो ऐकूच येत नाही. हात बरोबर लागतो, वेळ बरोबर असते, पण तोंडातून नुसती हवा. पंच फाऊल देतो, आक्रमणाची लय तुटते, आणि ती आणखी आक्रसते. तिला “मोठ्याने बोल” सांगून काहीही होत नाही, हे मी स्वतःवरून जाणतो. मी तिला एका खांबाशी उभी करतो आणि दुसऱ्या खांबाशी माझ्याकडे पाठ करून दुसऱ्या मुलीला बसवतो. ऐकू आलं तरच ती उठणार. पहिल्या दिवशी ती उठतच नाही. मग सांगतो, बाळ, तू माझ्यासाठी ओरडायचं नाहीस, लोकांसाठीही नाही. ती तिकडे बसली आहे, तिला दिसत नाहीये, तुझा आवाज गेला नाही तर तिला उठताच येणार नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आवाज पोहोचतो. मुलगी तीच असते, वर्गात अजूनही शेवटच्या बाकावर बसते, पण ते एक अक्षर तिचं पक्कं होतं.

तुम्हाला मोठ्या आवाजात लागणारी वाक्यंही थोडीच आहेत. “हे काम तुमच्याकडे.” “हे गुरुवारपर्यंत.” “हा निर्णय झाला.” “चूक माझी होती.” एवढ्यांचा घरी सराव करा, उभं राहून, आरशासमोर नव्हे तर पलीकडच्या खोलीतल्या माणसाला ऐकू जाईल असा. मीटिंगमध्ये पहिलं वाक्य तुम्हीच बोला, पहिल्याच मिनिटात, कागदावरून वाचून का होईना. थांबलात की दर मिनिटाला ते जड होत जातं. मी एका सत्कारात माइक हातात आल्यावर “धन्यवाद” एवढंच बोलून तो सरपंचांना परत दिला होता. पुढच्या वर्षी चार मुलींची नावं आणि प्रत्येकीने काय केलं ते कागदावर लिहून नेलं आणि खाली बघून वाचलं. आवाज थरथरत होता. त्या चार जणींचे आईबाप पुढच्या रांगेत होते, त्यांना थरथर ऐकू आली नसावी.

चारचौघांत जायच्या कल्पनेनेच झोप उडत असेल, पोट बिघडत असेल, रजा टाकावी लागत असेल, तर ते लाजाळूपणाच्या पुढचं आहे. तिथे माझ्यासारख्याचं ऐकत बसू नका, समुपदेशकाकडे जा.

नाहीतर सोमवारी वही आणा. आठही नावं लिहा आणि प्रत्येकापुढे, तुम्ही त्यांच्याशी शेवटचं कामाचं नेमकं काय बोललात ते लिहा. ज्या नावापुढे पेन अडेल, त्यांना सोमवारीच दुपारी चहाला घेऊन जा. त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना मंगळवारी.